सोडियम-आयन बॅटरीला एका उपकेंद्राचे आवार द्या : महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व मा. सदस्य,
महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग, मुंबई

विषय : वीजसाठवणुकीच्या खरेदीत सोडियम-आयन बॅटरीच्या प्रत्यक्ष चाचणीसाठी मर्यादित मंजुरी देण्याबाबत

महोदय,

मी निवृत्त विद्युत अभियंता असून माझ्या नोकरीचा बहुतेक काळ मराठवाड्यातील ३३/११ केव्ही उपकेंद्रांवर गेला. आता गावी थोडी शेती आहे आणि तिच्यामुळे मी कृषिपंपाचा ग्राहकही आहे. म्हणजे फीडर (उपकेंद्रातून गावाकडे जाणारी वीजवाहिनी) बंद करणारा आणि फीडर बंद झाल्यावर बोटे मोडणारा, या दोन्ही भूमिका मला ठाऊक आहेत. आयोगापुढील जनसुनावण्यांत वीजदराविषयी पुष्कळ बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. साठवणुकीच्या बॅटरीत नेमके कोणते रसायन असावे, हा प्रश्न मात्र तेथे फारसा कोणी विचारत नाही. पुढच्या दहा-बारा वर्षांचे करार याच काळात होत असल्याने तो प्रश्न मी या पत्राद्वारे जाहीरपणे मांडत आहे.

आधी जागेवरची परिस्थिती सांगतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात उपकेंद्रांच्या जवळ अर्ध्या मेगावॅटपासून २५ मेगावॅटपर्यंतचे सौर प्रकल्प उभे राहत आहेत आणि एकूण उद्दिष्ट सुमारे १६ हजार मेगावॅटचे आहे. रात्री-अपरात्री विजेरी हातात धरून, साप-विंचवाच्या भीतीने पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हा या योजनेचा हेतू आहे आणि त्याबद्दल कोणाचेही दुमत असू नये. तथापि पावसाळ्यात किंवा पीक निघाल्यानंतर पंप बंद असतात आणि त्याच दुपारी सौर पॅनेल मात्र पूर्ण जोमाने वीज देत असतात. ती वीज ११ केव्हीकडून उलटी वर चढते, व्होल्टेज वाढते, आणि संध्याकाळी सात वाजता गावातले दिवे, पंखे आणि पिठाची गिरणी एकदम सुरू होतात तेव्हा तीच वीज उपलब्ध नसते. आयोगाने दिवसाच्या सौर तासांत सवलत आणि संध्याकाळी अधिभार अशी दररचना आणली, ती याच विसंगतीमुळे. दरामुळे कारखान्याची पाळी बदलता येते, गावाची संध्याकाळ मात्र दुपारी आणता येत नाही.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या राष्ट्रीय वीज आराखड्यानुसार २०३१-३२ पर्यंत देशाला सुमारे ४७ गिगावॅट क्षमतेच्या आणि २३६ गिगावॅट-तास ऊर्जा साठवणाऱ्या बॅटऱ्या लागतील. सह्याद्रीच्या कड्याचा फायदा घेऊन घाटघरसारखे उदंचन प्रकल्प (पाणी वरच्या जलाशयात चढवून वीज साठवणारे) आपण करू शकतो व करत आहोत, आणि दीर्घ मुदतीच्या साठवणुकीसाठी ते उत्तमच आहेत. परंतु लातूर, बीड, यवतमाळ, वर्धा येथील उपकेंद्राच्या दाराशी कोणता कडा नसतो. तेथे बॅटरीच लागेल.

आज बॅटरी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, अर्थात एलएफपी, असे समीकरण ठरून गेले आहे. त्यात निविदा काढणाऱ्यांचा काही दोष नाही. २०२२ मध्ये केंद्राच्या सौरऊर्जा महामंडळाच्या (सेकी) निविदेत दोन तासांच्या साठवणुकीचे भाडे दरमहा प्रति मेगावॅट १० लाख रुपयांच्या वर होते, ते पुढील तीन वर्षांत, काही ठिकाणी केंद्राच्या व्यवहार्यता निधीच्या (प्रकल्प परवडावा म्हणून दिलेल्या अनुदानाच्या) आधाराने, अडीच लाखांच्याही खाली आले. एवढी घसरण डोळ्यांनी पाहिल्यावर दुसऱ्या रसायनाचा विचार करा असे म्हणणारा माणूस थोडा विक्षिप्त वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट करतो की एलएफपीची खरेदी थांबवावी अशी माझी मागणी नाही.

सोडियम-आयन बॅटरीविषयी वर्तमानपत्रांत ‘मिठाची बॅटरी’ असा शब्द रूढ होऊ लागला आहे. तो आकर्षक आहे, पण त्याने दोन गैरसमज होतात. पहिला असा की ती फुकटात पडेल. दुसरा असा की ती पेट घेणार नाही. शाळेत सोडियमचा तुकडा पाण्यात टाकलेला ज्यांनी पाहिला आहे त्यांचा गैरसमज नेमका उलट असतो, की ती हमखास पेटेल. वस्तुतः या बॅटरीत धातुरूप सोडियम नसतो. लिथियम-आयन बॅटरीप्रमाणेच दोन विद्युदग्रांमध्ये आयन ये-जा करतात, फक्त ते लिथियमऐवजी सोडियमचे असतात. द्रावण बहुधा तसेच सेंद्रिय आणि ज्वलनशील असते, त्यामुळे अग्निसुरक्षेची काळजी येथेही घ्यावीच लागते. जपानमध्ये अनेक वर्षे वापरात असलेली सोडियम-गंधक बॅटरी ही आणखी निराळी वस्तू आहे. ती सुमारे ३०० अंश सेल्सिअस तापमानाला चालते आणि तिचा या पत्राशी संबंध नाही.

आता फरक पाहू. सोडियमचा अणू लिथियमच्या तिप्पटीहून जड आणि त्याचा आयन आकाराने मोठा. त्यामुळे तेवढ्याच वजनात कमी ऊर्जा बसते. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने आयसर पुणे या विज्ञान संशोधन संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेले तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले, तेव्हा सांगितलेली ऊर्जाघनता प्रति किलो १०० ते १७० वॅट-तास या पट्ट्यात होती. चीनच्या सीएटीएल या बॅटरी कंपनीने २०२१ मध्ये १६० आणि एप्रिल २०२५ मध्ये १७५ वॅट-तासांचा सेल जाहीर केला. मोटारीसाठी हा उणेपणा महत्त्वाचा ठरतो. उपकेंद्राच्या आवारात, जेथे कंटेनर एकदा ठेवला की पुढची दहा-बारा वर्षे तो हलवायचा नाही, तेथे वजनाला अर्थ नाही. जागा आणि केबल थोडी जास्त लागेल, पण ग्रामीण उपकेंद्रात जागेची टंचाई क्वचितच असते. गाजर गवत काढण्याचा खर्च तेवढा वाचेल.

मोठ्या आयनाचा दुसरा परिणाम असा की लिथियमसाठी वापरले जाणारे ग्रॅफाइट येथे चालत नाही, कारण सोडियम त्याच्या थरांत नीट शिरत नाही. त्याऐवजी हार्ड कार्बन (अव्यवस्थित रचनेचा कठीण कार्बन) लागतो, आणि तो नारळाच्या करवंटीसारख्या वनस्पतिजन्य कच्च्या मालापासूनही बनतो. जपानमध्ये हा उद्योग आधीपासून आहे. कोकणातल्या करवंट्या आणि विदर्भातल्या पऱ्हाट्या पाहून आपल्याकडे कोणी उद्या घोषणा करील. तिच्यात थोडे तथ्यही असेल, मात्र प्रत्येक खेपेला सारख्या दर्जाचा कार्बन मिळवणे हे सोपे काम नाही, हे त्या घोषणेत नसेल. तिसरा फरक मला स्वतःला फार आवडतो. लिथियम सेलमध्ये ऋणाग्राच्या बाजूला तांब्याचा पातळ पत्रा वापरावा लागतो, कारण लिथियमचा ॲल्युमिनियमशी संयोग होतो. सोडियमचा तसा होत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम चालते. यामुळे खर्च कमी होतो आणि सेल शून्य व्होल्टपर्यंत उतरवूनही सहसा बिघडत नाही, म्हणजे वाहतुकीत आणि जोडणीत तो पूर्ण निर्विद्युत करून हाताळता येतो. रोहित्रातले तेल आणि तांबे रातोरात नाहीसे झालेले ज्याने पाहिले आहे, आणि भारित बॅटरीवर काम करताना वायरमनचा हात थरथरलेला ज्याने पाहिला आहे, त्याला या दोन गोष्टींची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

उणीवही तितकीच ठोस आहे. एलएफपी सेलचे व्होल्टेज बहुतांश काळ ३.२ च्या आसपास स्थिर राहते. सोडियम सेलचे व्होल्टेज जवळजवळ चारपासून दोनच्याही खाली, उतारावरून घसरावे तसे येते. त्यामुळे बॅटरीत किती वीज उरली आहे हे मोजणे सोपे होते, परंतु इन्व्हर्टरला फार रुंद पट्ट्यात काम करावे लागते आणि त्यात कार्यक्षमता थोडी गमवावी लागते. हा मुद्दा पुढे निविदेच्या अटींत पुन्हा येणार आहे.

किमतीविषयी प्रांजळपणे लिहिणे आवश्यक आहे, कारण सोडियमच्या समर्थकांनी येथेच सर्वाधिक अतिशयोक्ती केली आहे. २०२२ च्या अखेरीस चीनमध्ये लिथियम कार्बोनेटचा भाव टनाला सहा लाख युआनच्या घरात गेला होता आणि त्या तापात सोडियमवर जगभर पैसा ओतला गेला. २०२५ च्या मध्यापर्यंत तो भाव साधारण दहाव्या हिश्श्यावर आला आणि हिशेब उलटला. अमेरिकेत मिशिगनमध्ये कारखाना उभारलेली नॅट्रॉन ही कंपनी सप्टेंबर २०२५ मध्ये बंद पडली. स्वीडनची नॉर्थव्होल्ट, जिने २०२३ मध्ये सोडियम सेल गाजावाजा करून जाहीर केला होता, ती त्याआधी मार्चमध्येच दिवाळखोरीत गेली होती, जरी त्याची कारणे सोडियमपेक्षा कितीतरी व्यापक होती. आज सोडियम सेल एलएफपीपेक्षा स्वस्त आहे असा दावा कोणी आयोगापुढे केला, तर त्याच्याकडून लेखी दर मागावा.

मग मी हे पत्र का लिहीत आहे? कारण भावाची ही घसरण आपल्या हातात नव्हती आणि चढणही नसेल. देशात आजवर लिथियमचे व्यापारी उत्पादन नाही. जम्मू-काश्मीरच्या रियासी जिल्ह्यात ५९ लाख टनांचा अनुमानित साठा २०२३ मध्ये जाहीर झाला, तेव्हा आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्यानंतर त्या खाणपट्ट्याच्या लिलावाला पुरेसे बोलीदारही मिळाले नाहीत. दुसरीकडे चीनने डिसेंबर २०२३ पासून ग्रॅफाइटच्या निर्यातीला परवान्याची अट घातली आणि जुलै २०२५ मध्ये एलएफपीचे धनाग्र द्रव्य बनवण्याच्या तंत्रज्ञानावर निर्यात-निर्बंध आणले. आपण उपकेंद्रांच्या आवारात दहा-बारा वर्षांसाठी जे कंटेनर ठेवणार आहोत, त्यांच्या बदली सेलचा पुरवठा अशा एका देशाच्या परवान्यावर अवलंबून असणार आहे. सोडियमचा कच्चा माल मात्र सोडा ॲश (धुण्याचा सोडा) आहे आणि तो गुजरातच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या तयार होतो. वसई-उरणच्या मिठागरांकडे पाहून बॅटरीचे स्वप्न रंगवण्याचे कारण नाही, कारण सोडियमचा भाव हा या बॅटरीच्या किमतीतला अगदी किरकोळ भाग आहे. पण जो पदार्थ कोणी अडवून धरू शकत नाही, त्याचे मोल अडवणूक झाल्यावरच कळते.

येथेही एक सावधगिरीची टीप जोडतो. सोडियम सेल बनवणारे बहुतेक कारखानेही आज चीनमध्येच आहेत. मे २०२४ मध्ये ग्वांगशी स्वायत्त प्रदेशात १० मेगावॅट-तासांचे आणि त्याच वर्षी जूनअखेर हुबेई प्रांतातील चिएनच्यांग येथे ५० मेगावॅट/१०० मेगावॅट-तासांचे सोडियम साठवण केंद्र सुरू झाले. म्हणजे हे तंत्रज्ञान प्रयोगशाळेतून विद्युत जाळ्यापर्यंत पोहोचले आहे, आणि तेथेही पहिला मान त्यांचाच आहे. फरक इतकाच की लिथियमच्या गाडीचा शेवटचा डबाही आपल्या फलाटावरून निघून गेला आहे, तर सोडियमच्या गाडीत अजून चढता येते. केपीआयटी पुण्याची, आयसरही पुण्याचे. ब्रिटनची फॅराडिऑन कंपनी दहा कोटी पौंडांना विकत घेण्याचा करार रिलायन्सने २०२१ च्या शेवटच्या दिवशी जाहीर केला, ती रिलायन्सही मुंबईची. ज्ञान घरात असताना त्याला उभे राहायला राज्याच्या जाळ्यात दोन गुंठे जागा नसावी, हे मला पटत नाही.

आता आयोगाच्या अखत्यारीतील भागाकडे येतो. साठवणुकीच्या निविदा कागदावर तंत्रज्ञानाबाबत तटस्थ असतात. ‘लिथियमच पाहिजे’ असे सहसा कोठेही लिहिलेले नसते, पण अटी वाचत गेले की दार आपोआप अरुंद होत जाते. सुरक्षाचाचणीसाठी ज्या आंतरराष्ट्रीय मानकाचा उल्लेख वारंवार केला जातो, त्या आयईसी ६२६१९ च्या शीर्षकातच ‘लिथियम’ हा शब्द आहे. भरलेल्या विजेपैकी किमान ८५ टक्के वीज परत मिळाली पाहिजे अशी अट सर्वसाधारणपणे असते आणि कमी पडल्यास दंड असतो. वर सांगितलेल्या रुंद व्होल्टेज-पट्ट्यामुळे सोडियमला ती जड जाऊ शकते, तरी ती अट तत्त्वतः रास्तच आहे. परंतु कंटेनर थंड ठेवण्यासाठी चिलर आणि पंखे जी वीज खातात ती या ८५ टक्क्यांच्या व्याख्येत धरली आहे की बाहेर ठेवली आहे, हे प्रत्येक वेळी बारकाईने वाचावे लागते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या मे महिन्यात, जेव्हा पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा हा आकडा दुर्लक्षणीय राहत नाही. सोडियम सेलचे उत्पादक उणे ४० ते ७० अंशांपर्यंतच्या कार्यक्षमतेचे दावे करतात. आपल्याला त्यातील उणे बाजूचा उपयोग शून्य आहे, आणि अधिक बाजूविषयी मी त्यांच्या माहितीपत्रकावर विसंबून राहणार नाही, कारण उष्णतेत सेल चालणे वेगळे आणि उष्णतेत दहा वर्षे टिकणे वेगळे. सोडियमच्या काही प्रकारच्या धनाग्रांना ओलावाही मानवत नाही. विदर्भाचा उन्हाळा आणि लगेच येणारा मृगाचा पाऊस ही परीक्षा कोणत्याही परदेशी प्रयोगशाळेपेक्षा कठोर आहे, आणि ती आपल्याकडे दरवर्षी विनामूल्य भरते.

म्हणून माझी विनंती अशी आहे. वितरण कंपनीच्या साठवणूक खरेदीला मंजुरी देताना आयोगाने एकूण क्षमतेतील केवळ १० मेगावॅट, दोन तासांच्या मुदतीची, सोडियम-आयन तंत्रज्ञानासाठी स्वतंत्र बोलीने राखून ठेवावी. ती दोन किंवा तीन सौर वाहिनी उपकेंद्रांवर विभागावी. त्यातील एक पूर्व विदर्भात आणि एक मराठवाड्यात असावे, आणि त्याच आवारात तेवढ्याच क्षमतेची एलएफपी बॅटरी शेजारी उभी करावी. एकच फीडर, एकच ऊन, एकच धूळ आणि एकच ऑपरेटर असल्याशिवाय तुलनेला अर्थ राहत नाही. दोन्ही बॅटऱ्या दुपारी सौर विजेवर भरून संध्याकाळी उतरवाव्यात आणि हिवाळ्यात, जेव्हा सकाळीही मागणी चढते, तेव्हा दिवसातून दोन वेळा चालवाव्यात.

याचा बोजा किती पडेल, हा प्रश्न आयोग विचारील आणि विचारलाच पाहिजे. समजा एलएफपीचे भाडे दरमहा प्रति मेगावॅट अडीच लाख धरले, तर १० मेगावॅटचे वर्षाला तीन कोटी होतात. सोडियमला त्याच्या दुप्पट मोजावे लागले असे धरले, तरी जादा खर्च वर्षाला तीन कोटींचा राहतो. ज्या कंपनीची वार्षिक महसुली गरज लाख कोटींच्या वर आहे, तिच्या ग्राहकाच्या बिलात ही रक्कम पैशातही दिसणार नाही. तरीही त्यावर कमाल मर्यादा घालावी, जेणेकरून प्रयोगाच्या नावाखाली कोणी वाटेल तो दर लावणार नाही. मुदत १२ वर्षांची नको, पाच वर्षांची पुरे. पुढे वाढवण्याचा अधिकार खरेदीदाराकडे ठेवावा. बोली लावणाऱ्याकडे सोडियमचा पूर्वानुभव मागू नये, कारण तो देशात फारसा कोणाकडे नाही. त्याऐवजी हमीची रक्कम वाढवावी.

मूल्यमापनाची पद्धत मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रति मेगावॅट भाडे हे मोजमाप ठेकेदाराच्या सोयीचे आहे, ग्राहकाच्या नव्हे. ११ केव्ही बसबारवर (उपकेंद्रातील मुख्य वीजपट्टीवर), थंडाव्याची वीज वजा करून, प्रत्यक्ष परत मिळालेल्या प्रत्येक युनिटमागे किती रुपये पडले, हा एकच आकडा दोन्ही बॅटऱ्यांसाठी दरमहा काढावा. त्यासोबत क्षमतेची घट, कंटेनरच्या आतील व बाहेरील तापमान, बंद राहिलेले तास आणि बंद राहण्याचे कारण यांची नोंद आयोगाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावी. शेवटच्या मुद्द्यावर मी मुद्दाम भर देतो. माझ्या नोकरीत एका उपकेंद्रावर नव्या पद्धतीचे यंत्र चाचणीसाठी बसवले गेले होते. ते दोन पावसाळे चालले, तिसऱ्याला बंद पडले, आणि त्याची नोंदवही कोणत्या कपाटात गेली हे आजतागायत कोणाला सांगता आलेले नाही. ते यंत्र चांगले होते की वाईट, हे मलाही कळले नाही. यंत्र बंद पडल्याचे दुःख नाही, पण त्यातून कोणीच काही शिकले नाही याचे आहे.

काही जण म्हणतील की संशोधनाला पैसा देणे हे विज्ञान खात्याचे काम आहे, ग्राहकाच्या वीजदरातून ते का करावे? आक्षेप गंभीर आहे. परंतु मी संशोधन मागत नाही. सेल कसा बनवावा हे शोधणे आयोगाचे काम नव्हेच. राज्य जी वस्तू पुढे हजारो मेगावॅटमध्ये विकत घेणार आहे, तिच्या पर्यायाची किंमत आपल्या हवेत किती पडते हे जाणून घेणे म्हणजे शहाणी खरेदी आहे, आणि वीज खरेदीचे नियमन विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ८६ ने आयोगाकडेच सोपवले आहे. त्याच कलमाच्या उपकलम (२) नुसार आयोग राज्य शासनाला सल्लाही देऊ शकतो. जादा खर्चाचा भार ग्राहकांवर नकोच असे आयोगाचे मत झाले, तर तो शासनाने अर्थसंकल्पातून उचलावा असा सल्ला द्यावा. मला त्यातही समाधान आहे. निकाल सोडियमच्या विरोधात गेला तर तोही प्रसिद्ध व्हावा, म्हणजे पुढच्या निविदेच्या वेळी माझ्यासारख्यांची पत्रे वाचण्याचे आयोगाचे कष्ट वाचतील.

पुढील जनसुनावणीत हा मुद्दा विचारार्थ घेतला गेल्यास मी स्वखर्चाने उपस्थित राहीन आणि माझ्या परिचयाच्या दोन उपकेंद्रांवरील भाराच्या, व्होल्टेजच्या व उपलब्ध जागेच्या नोंदी कशा मिळवता येतील ते दाखवीन. त्यांतील एकाच्या आवारात ११ केव्हीचा एक राखीव बे (नवी वाहिनी जोडण्याची जागा) गेली कित्येक वर्षे रिकामा पडून आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त विद्युत अभियंता व कृषिपंप ग्राहक
जिल्हा लातूर